डावीकडचं कोपर

१

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बारकीने श्वास घेतला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

वेळ अशी नेमकी सांगता येते, कारण गाताना तिचं अर्धं लक्ष समोरच्या खांबावरच्या घड्याळात होतं. मागच्या कपड्यांच्या खोलीत ठमी झोपली होती. ठमी म्हणजे तिची दहा महिन्यांची लेक. चारच्या सुमाराला ती उठायची, उठली की रडायची आणि रडली की बारकीचा जीव भांड्यात पडायचा. इतर आयांचं पोर झोपलं की जीव भांड्यात पडतो, हिचं उलटं. ठमीला जन्मापासून एक खोड होती, झोपेत मध्येच श्वास घ्यायचा विसरायची. पोट वर-खाली होता होता थांबायचं, बारकी वाकून बघायची, पायाला चिमटा काढायची, मग पोरगी हुंदका दिल्यासारखी पुन्हा चालू व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, वाढत्या वयाबरोबर जाईल. गेलीही होती. गेले दोन महिने एकदाही तसं झालं नव्हतं. पण बारकीची नजर काही त्या पोटावरून हटत नव्हती.

"माझ्या भावाने बायको नाही, पहारेकरी आणलाय," असं तिची नणंद, म्हणजे ताई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ठमीला सांभाळायला या दोन दिवसांसाठी ताईच बरोबर आली होती.

ते दोन दिवस होते मोठ्या चर्चमधल्या संमेलनाचे. जुनं चर्चसंगीत आणि जुन्या इमारती यांचे शौकीन लांबलांबून आले होते. गळ्यात पट्ट्या, हातात कॅमेरे, माना वर. छताच्या लाकडाला कीड लागली होती, सोमवारपासून चर्च दुरुस्तीला बंद होणार होतं, ते किती वर्षांनी उघडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी लहान मुलांच्या जुन्या कॉयरने एकदा शेवटचं गावं, असं ठरलं. लहान मुलं आता लहान राहिली नव्हती. कुणाला टक्कल, कुणाला चष्मा, कुणाच्या पोटावरचं बटण लागत नव्हतं. पण शनिवारच्या तालमीला कॉयरच्या मास्तरांनी हात वर केला आणि सगळे आपापल्या जुन्या जागेवर जाऊन उभे राहिले, जशी गुरं संध्याकाळी आपापल्या दावणीला जातात.

शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर खूप लांब आहे. एका माणसाच्या श्वासात तो मावत नाही. म्हणून कॉयरमध्ये पाळीपाळीने श्वास घेतात. तुला श्वास घ्यायचा असेल तर शेजारणीच्या कोपराला कोपर टेकव. ती सूर धरून ठेवेल, तू श्वास घेऊन परत ये. मग ती टेकवेल, तेव्हा तू धर. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच सूर चाललाय, न तुटता.

बारकीने घड्याळ बघितलं, चार दहा. ठमी अजून कशी उठली नाही, या विचारात तिने सवयीने डावं कोपर टेकवलं, डावीकडून सूर धरला गेला, तिने श्वास घेतला आणि परत आली. सगळं अगदी पूर्वीसारखं झालं.

सूर संपल्यावर तिने हसून डावीकडे बघितलं. तिथे बाकाची कोरीव लाकडी फळी होती आणि फळीच्या मागे दगडी खांब. ती रांगेच्या टोकाला उभी होती.

२

या चर्चमध्ये ती सात वर्षांची असताना पहिल्यांदा आली आणि सातवी झाल्यावर शेवटची. मधली वर्षं तिने जपून ठेवली होती, जशी काही बायका लग्नातली साडी ठेवतात. नेसायची नाही, अधूनमधून ट्रंक उघडून हात फिरवायचा.

कपड्यांच्या खोलीत भिंतीला लाकडी खुंट्यांची रांग होती, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. झगे थंडगार असायचे आणि त्यांना मेणाचा, ओल्या लोकरीचा आणि कुणाच्या तरी खोकल्याच्या गोळ्यांचा वास यायचा. गळ्याशी कडक पांढरी कॉलर, मान वळवायची सोय नाही. वळवली तर मास्तरांची छडी समोरच्या स्टँडवर टक् करून वाजायची. सगळा कारभार समोर बघून, स्पर्शाने. उजवीकडे गोटी असायची. डोळे मोठे म्हणून गोटी. ती गाता गाता कुजबुजायची, कुणाचा झगा उसवलाय, कुणाचं नाक वाहतंय. आणि डावीकडे एक शांत मुलगी.

त्या शांत मुलीचा चेहरा बारकीला कधी नीट आठवला नाही. पण कोपर आठवत होतं. ऊबदार, हाडकुळं, तिच्या कोपराच्या थोडं खाली लागणारं. बारकीला लांब सूर जमायचा नाही. छाती लहान, श्वास तोकडा. तिने कोपर टेकवलं की डावीकडचा आवाज लगेच पुढे व्हायचा. कधी चिडचिड नाही, कधी "आता पुरे" नाही. बारकी आभार म्हणून फळीच्या फटीत टॉफी ठेवायची. पुढच्या आठवड्यात तिथे टॉफीचा कागद असायचा, चार घड्या घालून ठेवलेला.

सातवीनंतर वडील गेले. आईने तिला शिवणाच्या कारखान्यात नेलं, शर्टाच्या कॉलरी शिवायला. कडक पांढऱ्या कॉलरी शिवताना तिला रोज ते चर्च आठवायचं. कारखान्यातली मशिनं एका सुरात घरघरायची. कधीकधी तिला वाटायचं, एकदा जाऊन त्या मुलीला नीट बघावं. कोण होती, कुठे असते, लग्न झालं का, मुलंबाळं किती.

संमेलनाचं बोलावणं आलं तेव्हा नवरा म्हणाला, "एवढ्याशा पोरीला घेऊन कुठे जातेस?" ती म्हणाली, "मला कुणाला तरी भेटायचंय."

३

तालीम संपल्यावर मागच्या दालनात चहा होता. ताई ठमीला कडेवर घेऊन आली. पोरगी केव्हाच उठली होती आणि ताईच्या गळ्यातली माळ चघळत होती.

"घे तुझी ठेव," ताई म्हणाली. "शंभर टक्के श्वास घेतेय. मी दर मिनिटाला खात्री केली, नाहीतर तू माझा श्वास बंद केला असतास."

बारकीने ठमीला घेतलं, तिच्या मानेत नाक खुपसलं. मग गोटीला विचारलं, "माझ्या डावीकडे कोण असायचं गं?"

गोटी आता पोस्टात होती. दिवसभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारायची आणि बोलायची तशीच, ठाम. "तुझ्या डावीकडे खांब."

"तसं नाही. तेव्हा. लहानपणी."

"तेव्हाही खांबच होता. बारा वर्षांत खांब काय सुट्टीवर गेला होता?"

"अगं एक मुलगी होती. कमी बोलायची."

"माझ्या शेजारी राहून कमी बोलणारी तू एकटीच होतीस," गोटी म्हणाली आणि स्वतःच हसली.

मास्तर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. आता ते फार थकले होते. हात वर धरला की थरथरायचा, पण छडी तीच होती. बारकी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसली.

"मास्तर, माझ्या डावीकडे कोण उभं असायचं?"

"कुणी नाही. तू टोकाला."

"पण टोकाला का?"

"कारण तुला शेजारी लागत नव्हता." मास्तरांचे डोळे जुन्या आठवणीने चमकले. "बाकीची पोरं एकमेकांवर टेकून गायची. तू एवढीशी, पाप्याचं पितर, आणि सूर धरायचीस तो शेवटपर्यंत. मध्ये श्वास घेतलेला मी एकदाही ऐकला नाही. मी सगळ्यांना तुझं उदाहरण द्यायचो. एवढ्याशा छातीत एवढी हवा आणते कुठून, मला कधी कळलं नाही."

बारकीच्या आयुष्यात कुणी तिचं एवढं कौतुक केलं नव्हतं. ते ऐकायला ती कितीतरी वर्षं आसुसली होती, आणि आता ते ऐकताना तिच्या पाठीवरून गार पाणी गेलं.

मग तिने स्वतःला समजावलं. दगडी इमारत आहे. आवाज खांबावर आपटून परत येतो. आपलाच सूर आपल्याला परत ऐकू येत असेल. लहानपणी मुलं मनाने मैत्रिणी तयार करतात, त्यातली ती एक. टॉफी उंदराने खाल्ली असेल.

उंदराने कागदाच्या चार घड्या का घातल्या असतील, हे मात्र तिला समजावता आलं नाही.

४

रविवारी सकाळी पाहुण्यांना इमारत दाखवायचा कार्यक्रम होता. एक चष्मेवाले गृहस्थ काठीने वर दाखवत होते, हे लाकूड कुठल्या झाडाचं, ही काच कुठल्या शतकातली, आणि सगळी गर्दी त्यांच्यामागे सरकत होती. गर्दी दुसऱ्या टोकाला गेली तशी बारकी हळूच रांगेत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. उजेड भरपूर होता. उंच खिडक्यांतून ऊन पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं.

तिने आधी फळी तपासली. फळी आणि खांब यांच्यामध्ये अरुंद जागा होती, हात आडवा जाईल एवढीच. आत अंधार आणि झाडूने न निघणारी जुनी धूळ. तिथे लहान मूलसुद्धा उभं राहू शकलं नसतं.

मग तिने समोर बघून, तोंडातल्या तोंडात, शेवटच्या गाण्याचा सूर धरला. अगदी हलका, ठमीला थोपटताना गुणगुणावा तसा. छातीतली हवा संपत आली. तिने कोपर डावीकडे टेकवलं.

फळीच्या गार लाकडाला लागायला हवं होतं. ऊब लागली. हाडकुळं, थोडं खाली.

तिने तोंड मिटलं. सूर चालू राहिला.

तो आवाज खांबावरून येत नव्हता. तो तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होता, लहान मुलीचा, किंचित नाकातला, आणि इतका ओळखीचा की घाबरण्याआधी बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं झाली होती. तरी तो आवाज तसाच सूर धरून उभा होता, ती परत येण्याची वाट बघत. तिने श्वास घेतला आणि सुरात परत मिसळली. दोघी गायल्या. बारकी नंतर ताईला म्हणाली, तेवढा वेळ मी पुन्हा दहा वर्षांची होते, मला वडील होते.

आणि मग कोपर हललं. तिच्या कोपरावर हलकेच टेकलं.

हे पूर्वी कधीच झालं नव्हतं. इतक्या वर्षांत डावीकडच्या मुलीने एकदाही श्वास मागितला नव्हता. दर वेळी बारकीने मागायचा आणि तिने द्यायचा. बारकीला हे आता, उभ्या उभ्या लक्षात आलं. आणि त्या कोपराचा दाब वाढत होता.

बारकीचा सूर तुटला. ती रांगेतून बाहेर पडली, पायऱ्यांवरून उतरताना तिची चप्पल निसटली, ती तशीच टाकून ती कपड्यांच्या खोलीकडे पळाली.

दारातच ताई भेटली. ठमीला उभं धरून पाठ चोळत होती. ताईचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ताईचा चेहरा सहसा पांढरा पडत नाही.

"काही नाही, काही नाही," ताई म्हणाली. "झोपली होती. आत्ता, याच मिनिटाला, ते तसं झालं. मागे व्हायचं तसं. मी हलवली, तोंडावर पाणी मारलं. घेतला बघ श्वास. घेतला."

ठमी टकामका बघत होती. तिच्या ओठांच्या कडा अजून निळसर होत्या.

५

बारकीने पिशवी भरली. दुपटी, बाटली, तिची स्वतःची साडी, सगळं कोंबलं. परतीची गाडी संध्याकाळची होती. आधीची नव्हतीच.

"योगायोग असतो गं," ताई म्हणाली. "जागा बदलली, हवा बदलली, पोरांना होतं. तू काय केलंस म्हणून झालं, असं कुठे असतं का?"

"नसतं," बारकी म्हणाली. "मलाही ठाऊक आहे, नसतं."

मास्तरांना तिने सांगितलं, घसा बसलाय. खोटं बोलताना तिची मान खाली होती. मास्तर म्हणाले, "बरं. तुझी जागा मोकळी ठेवतो. दुसऱ्या कुणाला देववत नाही." हे ऐकून तिला रडू आलं, पण ती रांगेत गेली नाही.

तीन वाजता चर्च भरलं. बारकी अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ बसली. उजवीकडे ताई, मांडीवर ठमी. डावीकडे रिकामी वाट आणि तिच्यापलीकडे उघडं दार, दारातून दिसणारं अंगण, अंगणात सायकली. तिला बरं वाटलं. इथून ते टोक किती लांब होतं. मधे एवढी माणसं, एवढे खांब.

गाणी सुरू झाली आणि बघता बघता तिची धास्ती ओसरली. सूर वर चढून छताखाली जमायचे आणि मग एकेक करून खाली यायचे. समोर टकलं, चष्मे, न लागणारी बटणं, आणि त्यांतून निघणारे तेच जुने आवाज. पुढच्या बाकावरची एक म्हातारी रुमालाने डोळे टिपत होती. ताईसुद्धा गप्प बसली होती. ठमी झोपली. बारकीने तिच्या पोटावर तळहात ठेवला. वर, खाली. वर, खाली.

शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर लागला.

तिच्या डाव्या कोपराला ऊब लागली.

तिने बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे नाही, असं मानून ती समोर बघत राहिली. कोपर टेकलं होतं. विनवणी केल्यासारखं, आधी हलकं, मग जोरात. तळहाताखालचं पोट वर आलं, खाली गेलं, आणि राहिलं.

"अगं," ताई पुटपुटली. "अगं, हिला हलव."

बारकीने हलवलं. पायाला चिमटा काढला, तोंडावर फुंकर मारली, उलटं करून पाठीवर थापट्या मारल्या. ठमीची मान कापडासारखी लुळी पडली होती. चिमट्याने पूर्वी दर वेळी काम झालं होतं. या वेळी झालं नाही.

तेव्हा बारकी उभी राहिली आणि तिने सूर धरला.

माना वळल्या. कुणीतरी शुक् शुक् केलं. तिला काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. ठमीला छातीशी धरून ती गात होती, एकटीच्या जोरावर, आयुष्यात पहिल्यांदाच. डावीकडचा भार हलका झाला. धरलाय गं मी, ती मनात म्हणत होती, घे तू. घे एकदाचा.

आणि तिची नजर समोर गेली. इथे कोपराला अजून ऊब होती, आणि तरीही तिथे, रांगेच्या टोकाला, तिच्या मोकळ्या जागेच्या पलीकडे, जिथे हात आडवा जाईल एवढीच फट होती, तिथे कुणीतरी पाठमोरं होतं. लहान. फक्त खांदे दिसत होते, कडक पांढऱ्या कॉलरीखाली. ते खांदे वर येत होते. श्वास घेताना येतात तसे. वर, आणखी वर, कानांपर्यंत, आणि थांबतच नव्हते. एवढा श्वास कुणाला लागत नाही. कितीतरी वर्षं एकदाही घेतला नसेल तरच लागेल.

बारकीने डोळे मिटले. छाती फाटत होती. कॉयर केव्हाच थांबलं होतं. डोळ्यांपुढे काळोख आला, आवाजाचा नुसता धागा उरला, आणि तो तुटता तुटता डावीकडून, कानाशी, दुसऱ्या आवाजाने तो उचलला.

तळहाताखाली ठमीचं पोट वर आलं.

टाळ्यांचा पाऊस पडला. लोकांना वाटलं, असंच ठरलेलं होतं. मास्तरांना दोघांनी धरून आणलं. ते रडत होते. "घसा बसलाय म्हणालीस," ते म्हणाले, "आणि आम्ही संपल्यावरही धरून राहिलीस."

गोटी मात्र हसली नाही. ती बारकीला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्याबरोबर आणखी कोण गात होतं? शेवटी. लहान मुलगी होती ना एक?"

६

याला आता बरेच दिवस झाले. चर्चभोवती बांबू आणि जाळ्या लागल्या आहेत, आत कुणाला सोडत नाहीत. संमेलनाला आलेले लोक त्या शेवटच्या सुराच्या आठवणी एकमेकांना सांगतात. असं पुन्हा होणे नाही, म्हणतात.

बारकी कारखान्यात जात नाही. कॉलरी घरी आणून शिवते. रात्री काही होत नाही, पण दुपारी ठमी झोपली की ती मशीन थांबवते आणि तिच्याशेजारी बसते. कधी लगेच, कधी उशिरा, कोपर टेकतं. मग ती सूर धरते. पोरीचं पोट हलतं राहतं. श्वास संपला की ती टेकवते, दुसरी धरते, मग पुन्हा हिची पाळी. शेजारीपाजारी म्हणतात, किती गोड अंगाई म्हणते ही बाई.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, ठमीत काही दोष नाही. नवरा पहिल्यांदा चिडला. मग एका रविवारी तो शेजारी बसला असताना बारकीला ठसका लागला आणि सूर तुटताच ठमीचं पोट थांबलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून तो तिच्यासाठी कोमट पाणी भरून ठेवतो. ताईने गाऊन बघितलं. उपयोग झाला नाही. "माझ्या आवाजाने पोरगी उठून बसते, तेवढाच फायदा," ती म्हणते. पण लहान पोराला झोपू न देता किती दिवस ठेवणार?

तुम्ही म्हणाल, बारकी त्या मुलीचा राग करत असेल. नाही करत. ताईने एकदा शिव्या घातल्या तर बारकीनेच तिला थांबवलं. "तिने मला कधी पडू दिलं नाही," ती म्हणाली. "तिला कुणी धरलंच नाही इतकी वर्षं." मग हळूच म्हणाली, "फक्त ठमीच्या जिवावर नको होतं."

एकाच गोष्टीने थोडा आराम पडला. गोटी दोन सुट्ट्यांना आली, बारकीच्या उजवीकडे बसली, आणि तिने पाळीत आपला श्वास दिला. तिचा सूर चालला. त्या दोन दुपारी बारकीने घोट घोट पाणी प्यायलं, भिंतीला डोकं टेकलं, म्हणे पाच मिनिटं डोळाही लागला. म्हणजे त्या रांगेत उभं राहून जी पाळी शिकली, तिचा आवाज चालतो. पण गोटीला पोस्ट आहे, घर आहे, सासू अंथरुणाला आहे. मास्तरांच्या छातीत आता वारा उरला नाही. आणि कालपासून बारकीचा घसा खरंच बसलाय. आवाज घोगरा येतो, मध्येच फुटतो. एकटीच्याने आता किती दिवस निभेल, तिलाच माहीत नाही.

म्हणून एवढं करा. तुमच्या ओळखीत, नात्यात, कामाच्या ठिकाणी कुणी अशी बाई असेल, जी लहानपणी मोठ्या चर्चच्या कॉयरमध्ये गायची, कोपर टेकवून श्वास घ्यायची, तर तिच्या कानावर हे घाला. तिला माहीत नसेल तर तिच्या ओळखीच्या दुसरीला सांगायला सांगा. आवाज गोड नसला तरी चालेल, वय कितीही असो. दुपारची यायचं आणि बारकीच्या उजवीकडे बसायचं.

डावीकडे जागा नाही.